मिरानचं वारूळ

कोरियातल्या मासान शहरात, बंदरामागे जो बाजार आहे त्यात तोंडीलावण्यांची एक गल्ली आहे, आणि गल्लीच्या मध्यावर गुक मिरानचं दुकान. किमची, सोयात शिजवलेलं कमळकंद, तिखटात परतलेली बारीक सुकट, मुरवलेली पानं. सगळं झाकणाखाली, सगळं ओळीत. आभाळ जरा काळवंडलं की गल्लीत पहिली ताडपत्री तिच्याच दुकानावर पडते. नवीन पदार्थ ती तेव्हाच ठेवते जेव्हा बाकी सगळ्यांनी ठेवून त्यांचं नुकसान झालेलं नसतं. अशी ही जपून पाऊल टाकणारी बाई. पण तिच्या मनात एक काटा वीसेक वर्षं रुतून बसला होता. मेंग ग्वांगशिकला एकदा, फक्त एकदा, ‘त्रिखंड’मध्ये हरवायचं होतं.

‘त्रिखंड’ म्हणजे संगणकावरची लढाई. मिरान कॉलेजात होती तेव्हा साऱ्या देशाला या खेळाचं वेड लागलं होतं. प्रत्येक गल्लीत भाड्याने संगणक देणाऱ्या दोन दोन खोल्या, प्रत्येक खोलीत नूडल्सची वाफ आणि तास बुडवून आलेली पोरं. खेळात तीन जमाती. गढीवाले तटबंदी बांधतात, यंत्रवाले थोडीच पण महागडी यंत्रं काढतात, आणि वारूळवाले किड्यांच्या झुंडी सोडतात. ज्याने जी जमात धरली तो आयुष्यभर तीच खेळतो. जमात बदलणं म्हणजे चाळिशीत डाव्या हाताने लिहायला शिकणं.

मिरान अर्थातच गढीवाली. तट उभारायचा, बुरूज बांधायचे आणि आत बसून राहायचं. समोरचा येऊन आपटायचा आणि मरायचा. सगळे आपटले, तिच्याच वर्गातला ग्वांगशिक मात्र आपटला नाही. तो यंत्रवाला. तो निवांत फिरायचा, नकाशावरचा सगळा धातू गोळा करायचा आणि मिरान आपल्या सुंदर गढीत उपाशी मरायची. वर मधल्या फळीवरून डोकं काढून विचारायचा, ‘‘मिरान, जेवायचा डबा पाठवू का आत?’’ खोली भरलेली असताना एकदा असाच हरलेला डाव टाकून ती उठली, ती पुन्हा त्या खुर्चीत बसली नाही. पुढे लग्न झालं, सासूचं दुकान अंगावर आलं. आणि नशीब बघा, त्याच बाजारात, दोन गल्ल्या पलीकडे, ग्वांगशिकने मासळीचा गाळा घेतला! रोज सकाळी बर्फाची पेटी ढकलत तो तिच्या दारावरून जाणार आणि हसून विचारणार, ‘‘काय मिरान, बुरूज ठीक आहेत ना?’’ ती रोज म्हणणार, ‘‘बांगडे नीट धू आधी.’’ आणि रोज तिचे कान तापणार.

बाजाराची वसंतातली स्पर्धा असते. गल्ली विरुद्ध गल्ली, तीन डाव, आणि नियम असा की प्रत्येक गल्लीने तिन्ही जमातींचा एकेक खेळाडू उतरवायचा. हरलेल्या गल्लीने जिंकलेल्या गल्लीचा भलामोठा कापडी फलक वर्षभर आपल्या डोक्यावर मिरवायचा. गेली कित्येक वर्षं तोंडीलावण्यांच्या गल्लीत मिरानच्या दुकानासमोरच ‘मासळी गल्ली अजिंक्य’ असं लिहिलेलं फडफडत होतं. यंदा तर गंमतच झाली. तोंडीलावण्यांच्या गल्लीची वारूळवाली, मिरचीच्या गिरणीची योम बोकही, मासळी गल्लीतल्या बर्फावरून घसरली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. मासळी गल्ली म्हणाली, अपघात. तोंडीलावण्यांची गल्ली म्हणाली, कट.

टोफूवाले सोककाका गल्लीचे कप्तान. त्यांच्या दुकानात सगळे तोंडं पाडून बसले.

‘‘वारूळवाला नाही, तर नाव मागे घ्यावं लागेल,’’ काका म्हणाले.

दारात उभी असलेली मिरान स्वतःच्याच आवाजाने दचकली. ‘‘मी खेळते.’’

‘‘तू? तू गढीवाली! गढीच्या जागेवर मी आहे.’’

‘‘मग तुम्ही वारूळ घ्या, काका.’’

‘‘अगं, माझे गुडघे वाकत नाहीत, मी आता किडे कुठे पळवू? गढी मी सोडत नाही. वारूळ घेणार असलीस तर बोल.’’

‘‘आणि समोर ग्वांगशिक असेल,’’ बोकही कोपऱ्यातून म्हणाली. ‘‘तिसरा डाव तोच खेळतो.’’

मिरान दारातून आत आली. ‘‘म्हणूनच घेते,’’ ती म्हणाली.

दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की दोघी कोपऱ्यावरच्या संगणकांच्या खोलीत जाऊन बसत. खुर्चीत बसताच मिरानला जुना वास आला, तापलेल्या प्लास्टिकचा आणि नूडल्सच्या मसाल्याचा, आणि तिचा ऊर धडधडू लागला. बोटांना सगळं आठवत होतं, पंचाईत एवढीच की त्यांना गढी आठवत होती!

‘‘हा कामकरी किडा,’’ बोकहीने दाखवलं. ‘‘याला घर बांधायला सांग.’’

मिरानने सांगितलं. किडा जमिनीवर बसला, फुगला, आणि त्याचंच घर झालं.

‘‘हे काय? बांधणारा कुठे गेला?’’

‘‘तोच घर झाला.’’

‘‘मेला?’’

‘‘मेला नाही गं बाई, कामी आला. सुतक पाळू नकोस. दुसरा काढ.’’

‘‘पण ताई, गढीत एकच गवंडी दहा घरं बांधतो!’’

‘‘तिथे गवंडी असतो, इथे माती असते. एक घर, एक किडा. घोक.’’

मिरानने घोकलं, पण बोटांनी घोकलं नाही. एका गवंड्याला लागोपाठ तीन कामं सांगून पुढच्या कामाला लागायचं ही तिची विशीतली सवय, आणि ती हाताला चिकटलेली. ती एका किड्याला तीन घरं सांगायची, पहिल्याच घरात किडा संपायचा आणि बाकीची दोन हवेत. असं झालं की बोकही प्लास्टरचा हात टेबलावर आपटायची आणि खोलीचा मालक ओरडायचा.

पण एके दिवशी चावऱ्या किड्यांची झुंड पहिल्यांदा मोकळी सोडली आणि मिरानला हसू फुटलं. चावरे म्हणजे वारूळवाल्यांचे सगळ्यात स्वस्त, सगळ्यात मूर्ख शिपाई. मागे बघणं त्यांना माहीतच नाही. ते उघड्या माळावरून असे सुसाट निघाले की मिरान खुर्चीत पुढे सरकत सरकत टोकाशी आली. एवढा मोकळा माळ या खेळात होता हे तिला माहीतच नव्हतं! कॉलेजात तिने नकाशाचा एक कोपरा तेवढा पाहिला होता. त्या दिवशी ती दुकानात परतली ती गुणगुणत, आणि तिने कुणालाही न विचारता मुळ्याचं एक नवीन तोंडीलावणं करून मांडलं.

स्पर्धा बाजाराच्या सुट्टीच्या रविवारी, भर दुपारी. खोली खचाखच भरली होती. मासळी गल्ली भाजलेला सुका माकुल चघळत होती, तोंडीलावण्यांच्या गल्लीने डबेच्या डबे आणले होते. शत्रूलाही वाढत होते, कारण मारामारी वेगळी आणि जेवण वेगळं. पहिला डाव सोककाकांनी नुसतं बसून बसून जिंकला. समोरचा कंटाळूनच हरला म्हणायचं. दुसरा डाव गल्लीच्या यंत्रवाल्याने, तिळाच्या तेलवाल्याने, घालवला. उरला तिसरा.

ग्वांगशिक हात पुसत येऊन समोर बसला. मिरानच्या स्क्रीनच्या मागे त्याची स्क्रीन, मध्ये एक फळी.

‘‘वारूळ घेतलंस म्हणे?’’ तो म्हणाला. ‘‘दार लावायला विसरू नकोस, बाहेर वारा आहे.’’

‘‘खेळ रे,’’ मिरान म्हणाली. तिचे तळहात घामेजले होते, पण आतून कुणीतरी ढोल बडवत होतं. तिला भीती वाटत होती, आणि कित्येक वर्षांत एवढं छान वाटलं नव्हतं.

सुरुवात झकास झाली. किडे कामाला लागले, धातू येऊ लागला. आता पहिलं घर चावऱ्यांचं, मग विष ओकणाऱ्यांचं, मग उडणाऱ्यांचं. तिने सांगितलं आणि टेहळणीला गेली. परत येऊन बघते तो काय! चावऱ्यांचं एकच घर उभं, बाकी जमीन उघडी. धातूचा आकडा फुगत चाललेला. तिने एकाच कामकऱ्याला तिन्ही घरं सांगितली होती.

मागे बोकहीने पाहिलं. बघणाऱ्यांना बोलायची बंदी, म्हणून तिने प्लास्टर स्वतःच्याच तोंडावर दाबून धरलं. आणि नेमकं त्याच वेळी ग्वांगशिकचं टेहळणीचं यंत्र भिरभिरत वारुळावर आलं. त्याने सगळं बघितलं. एक घर, चारदोन किडे, बाकी ओसाड. संपलं, मिरानला वाटलं. आता तो सरळ चालत येईल.

नवशिका असता तर आलाही असता. नवशिक्याला ओसाड जमीन दिसली असती आणि तो तिला ओसाड जमीनच समजला असता. पण ग्वांगशिकचं सगळं आयुष्य या खेळात गेलेलं. इतक्या वेळाने कुठल्याही वारुळात एकच घर दिसलं तर त्याचा अर्थ शहाण्या माणसाच्या लेखी एकच असतो.

‘‘अगं चोरटे!’’ फळीपलीकडून तो ओरडला. ‘‘चोरवारूळ! कुठे लपवलंस बाकीचं?’’

मासळी गल्ली ‘‘ओऽऽ’’ करून उठली. मिरानला क्षणभर कळेना तो कुणाशी बोलतोय. मग नकाशावर तिला त्याची यंत्रं दिसली. थोडीच, महागडी, धडधडती. एक उत्तरेच्या कोपऱ्याकडे, दोन समुद्राकडे, बाकीची डोंगरामागे. नसलेली घरं शोधायला त्याची सगळी फौज निघाली होती. आणि त्याच्या स्वतःच्या दारात राहिलं होतं एक यंत्र.

मिरानच्या बोटांना लगेच सुचलं, बरं झालं, वेळ मिळाला. राहिलेली घरं बांधून घे, विषवाले काढ, दाराशी उभे कर, सगळं जागच्या जागी लाव. बोट बटणावर गेलंसुद्धा. ‘‘नको,’’ ती मोठ्याने म्हणाली. शेजारी बसलेल्या सोककाकांनी घाबरून डबा खाली ठेवला.

होता नव्हता तेवढा सगळा धातू तिने चावऱ्यांमध्ये ओतला. एकच घर, पण त्याच्या तोंडातून किडे उकळत्या दुधासारखे वर आले. एकही घरी ठेवला नाही. सगळे माळावर सोडले आणि त्यांच्याबरोबर स्वतःही निघाली, म्हणजे खुर्चीच्या टोकाला, दात आवळून, ‘‘पळा रे, पळा माझ्या राजांनो’’ असं पुटपुटत. दारातलं यंत्र पाचसहा किडे मारून बुडालं. झुंड आत शिरली. फळीपलीकडे बटणांचा कडकडाट, ग्वांगशिकच्या शिव्या, डोंगरामागून यंत्रं परत फिरवल्याच्या घोषणा. पण महाग यंत्रं जड चालतात. ती पोचली तेव्हा परत येण्यासारखं काही उरलं नव्हतं.

स्क्रीनवर दोन इंग्रजी अक्षरं उमटली. ‘जी जी.’ हार मानताना टाइप करायची रीत आहे. खेळ छान झाला असा त्याचा अर्थ.

तोंडीलावण्यांच्या गल्लीने मिरानला खुर्चीसकट उचलायला घेतलं. बोकही प्लास्टर विसरून टाळ्या वाजवायला गेली आणि कळवळली. मिरान रडत होती आणि हसत होती, दोन्ही मोठ्याने. जिंकली होती ती. ग्वांगशिकला हरवलं होतं!

गर्दी बाजूला करत ग्वांगशिक आला. ‘‘कबूल,’’ तो म्हणाला. ‘‘पण सांग, चोरवारूळ होतं कुठे? मी सगळे कोपरे धुंडाळले.’’

बोकही डोळ्यांनी खुणावत होती, बोलू नकोस, बोलू नकोस. एवढी अक्कल फुकट पदरात पडतेय तर घेऊन टाक!

‘‘नव्हतंच,’’ मिरान म्हणाली. ‘‘एका किड्याला तीन घरं सांगितली मी. सवयीनं.’’

‘‘हं! मला शिकव.’’

‘‘खरंच रे. डावाची नोंद संगणकात असते, लावून बघ.’’

त्याने डाव पुन्हा लावला. सगळ्यांच्या समोर तो किडा आला, बसला, फुगला, संपला. पुढे काही नाही. ग्वांगशिकने ती जागा दोनदा बघितली. त्याचे कान हळूहळू लाल झाले.

‘‘म्हणजे मी तुझ्या धांदरटपणाला हरलो?’’

‘‘धांदरटपणा पहिल्या अर्ध्या भागात होता,’’ मिरान म्हणाली. ‘‘पुढच्या भागात मी होते.’’

मग त्याने खुर्ची ओढली. ‘‘बस. परत.’’

मिरानने पिशवी खांद्याला लावली होती. तिने घरून निघताना ठरवलं होतं की जिंकले तर तिथेच थांबायचं. विजय खिशात घालून घरी जायचं आणि पुन्हा या खोलीची पायरी चढायची नाही. बाहेर गल्लीत शिडी लावली होती, जुना फलक उतरवायला सुरुवात झाली होती, आणि लोक तिला हाका मारत होते. या क्षणी उठणारी बाई जन्मभर जिंकलेली राहिली असती. ती बसली.

यावेळी ग्वांगशिक कुठेही काही शोधायला गेला नाही. सरळ आला. मिरानने तिन्ही घरांना तीन वेगळे किडे दिले, सगळं अगदी बरोबर केलं, आणि नूडल्सचं पाणी उकळायच्या आत तिच्या वारुळाचा भुगा झाला. खोलीत कुणीतरी फिस्सकन हसलं. तिचे कान तापले. तिने ‘जी जी’ टाइप केलं, आणि फळीवरून ग्वांगशिकचं डोकं वर यायच्या आत तीच खुर्चीतून अर्धी उठून पलीकडे डोकावली.

‘‘अजून एक,’’ ती म्हणाली.