दोन डाव्या बाह्या

"आज नका कापू, आई."

"का? कात्रीला आज सुट्टी आहे?"

"उजेड कमी आहे."

"उजेड कमी! अगं, ऊन खिडकीतून आत येऊन टेबलावर पाय पसरून बसलंय, आणि म्हणे उजेड कमी!"

"मग परवा कापा. परवा हे घरी असतील, कापड धरायला होतील."

"कापड धरायला मला माणूस लागतं? तुझा नवरा पोटात होता तेव्हा एका हातानं पोट सावरून दुसऱ्या हातानं पडदे बेतलेत मी. आता तो पोटाबाहेर आहे, तर मला जड जाईल होय?"

"तसं नाही हो..."

"मग कसं? बोल ना! सकाळपासून मांजरासारखी पायांत घोटाळते आहेस. काय सांगायचंय?"

सुनेला सांगायचं होतं. आठवडाभराचं साठलं होतं. ते पार ओठांपर्यंत आलं, तिथे थबकलं आणि आल्या पावली मागे गेलं.

"काही नाही," ती म्हणाली.

"काही नाही ना? मग तू तुझी अक्षरं तपास. कापड माझ्यावर सोड."

अक्षरं तपासणं हा सुनेचा धंदाच होता. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. कुठे काना पडला, कुठे वेलांटी घसरली, ते हेरून लाल पेनानं टिपायचं. या कामाची एक खोड असते, ती घरी येताना छापखान्यात सोडून येता येत नाही. दुकानाची पाटी असो, औषधाची बाटली असो, नाहीतर नवऱ्याचं बोलणं, तिची नजर चुकीवरच जाऊन बसायची. म्हणून नवरा तिला 'तपासनीस' म्हणायचा. लाडात असला की 'तपासनीसबाई'.

सोमवारी छापखान्याचं यंत्र बिघडलं आणि मालकानं सगळ्यांना आठवडाभर घरी बसवलं. तपासनीसबाई घरी बसल्या, पण नजर काही बसेना.

सासूबाई गल्लीतल्या जुन्या शिवणकाम करणाऱ्या. शिवणयंत्र विकून टाकलं होतं, पण कात्री विकली नव्हती. ती फडक्यात गुंडाळून कपाटात होती. आता बसल्या बसल्या त्या विणकाम करायच्या. लेकीच्या पहिल्या बाळासाठी पिवळ्या लोकरीची दुलई चालू होती. दोन टाके सुलट, दोन उलट, बाजूनं जाळीची पट्टी. सकाळी त्या मोठं पातेलं चुलीवर चढवायच्या. त्यात घेवड्याचे दाणे, गाजर, बटाटे, कोबीचा अर्धा गड्डा, वरून मूठभर जव. चमचा उभा ठेवला तर उभाच राहावा असा दाट रस्सा, आणि सोबत शेजारच्या बेकरीतला गरम पाव. जेवण झालं की सासूबाई लवंडायच्या, आणि दुलई खुर्चीत पडून राहायची.

सोमवारी दुपारी सुनेनं ती सहज उचलली. दुसऱ्या वितीतच एक टाका गळालेला, खाली शिडीसारखी उसवत गेलेली रेघ. पुढे दोनाऐवजी तीन सुलट. त्याच्या पुढे तर जाळीच गुडूप.

तिनं विणायची आकडी घेतली, गळालेला टाका वर ओढून आणला. मग चुकलेल्या ओळी उसवल्या, नीट विणल्या, सुया होत्या तशाच खोचून ठेवल्या. सासूबाई उठल्या, दुलई मांडीवर घेतली, पुढे विणू लागल्या. त्यांना काही कळलं नाही.

मंगळवारी पातेल्यात मीठ दोनदा पडलं. सुनेनं पाठ वळायची वाट पाहिली आणि दोन बटाटे सोलून आत ढकलले, वर पाणी. बुधवारी निवडलेल्या डाळीत खडे निघाले. तिनं ताट परत घेऊन गुपचूप निवडलं. दुपार झाली की पुन्हा दुलई.

एवढ्यापर्यंत तुम्ही म्हणाल, गुणाची सून. तीही स्वतःला तेच म्हणत होती. पण चूक सापडली की तिच्या पोटात एक गोड उकळी फुटायची, आणि ती मायेची नव्हती. लाल पेन चालवताना फुटते तीच ती. ज्या हातांचं कौतुक लग्नापासून ऐकत आली, त्या हातांची चूक तिला सापडत होती, रोज, ताजी ताजी.

बुधवारी संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, करून दाखवलं. मिठाची बरणी घेऊन डोळे बारीक केले, मान वाकडी केली, चिमूट टाकली, मग "मीठ टाकलं का गं मी?" असं सासूबाईंच्या आवाजात विचारून पुन्हा टाकली. नवरा हसून हसून ओट्याला टेकला.

"म्हणजे आईची तू सुधारून वाढवलेली आवृत्ती काढते आहेस!"

"शुद्धिपत्रक तेवढं जोडायचं राहिलंय."

हसू ओसरल्यावर नवरा जरा गंभीर झाला. "पण खरंच, डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला हवं तिला." आणि तो सरळ बाहेर गेला, आईसमोर बसला. "आई, उद्या डोळे दाखवून येऊ या."

"कुणाचे?"

"तुझे."

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरली आहे?" सासूबाईंनी दुलई उचलून त्याच्या नाकासमोर धरली. "हे बघ. इतकं विणलंय. एक टाका चुकलेला दाखव. तुझ्या तपासनीसाला बोलव, तिला दाखवायला सांग!"

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. बोलायची वेळ हीच होती. पण बोलायचं म्हणजे, चुका होत्या, आई, मी उसवल्या, असं बोलायचं. आणि या क्षणाआधी पाच मिनिटं आपण मिठाची बरणी घेऊन काय करत होतो ते तिच्या तोंडावर अजून लागलेलं होतं.

"एकही नाही," ती म्हणाली. "वीण सुरेखच आहे."

नवऱ्यानंही विषय सोडला. त्याचंही बरंच झालं; डॉक्टरचा हेलपाटा वाचला.

सासूबाईंच्या अंगात मात्र दहा हत्तींचं बळ आलं. दुसऱ्या दिवशी त्या दुलई खांद्यावर टाकून बेकरीत गेल्या, येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवली, आणि परतल्या त्या काखेत कागदी पुडकं घेऊन. बेकरीवाली दारापर्यंत पोचवायला आली होती, हात पिठानं पांढरे.

"मावशींनी हो म्हटलं बघ," ती सुनेला म्हणाली. "माझ्या आईनं हे गरम कापड कोटासाठी घेतलं होतं. शिवायचं राहिलं, आणि आई गेली. मी कुणाच्या हातात द्यायला धजत नव्हते. आता लेक शिकायला थंडीच्या गावाला निघालीय. म्हटलं, आजीचं कापड अंगावर असू दे तिच्या. पण दुलई बघितली आणि वाटलं, मावशींचा हात अजून तसाच आहे."

सून हसली. कसं हसली ते तिचं तिलाच ठाऊक.

आणि म्हणून शुक्रवारी सकाळी टेबलावर ते गडद निळं कापड पसरलं होतं, आणि सुरुवातीला सांगितलं ते भांडण झालं.

भांडणानंतर सून जागची हलली नाही. सासूबाईंनी खडूनं पाठ आखली, पुढचे दोन भाग आखले. कात्री चालू लागली. कर्र, कर्र. मोठी कात्री कापडातून जाताना ओल्या गवतातून गाय चरत गेल्यासारखा आवाज येतो. हात सवयीचा, रेघेवरून तसूभर ढळला नाही. सुनेला हायसं वाटलं. उगाच घाबरलो, असं म्हणून ती चहा टाकायला वळणार, तेवढ्यात बाह्यांची पाळी आली.

कापड बेताचंच होतं. दुहेरी घडी घालून दोन्ही बाह्या एकदम कापता येईनात. एकेक सुटी कापायची. बाहीचा कागदी नमुना सासूबाईंनी पूर्वी कधीतरी तिला दाखवला होता. एका अंगाला पेन्सिलीची फुली. "फुली वर, तर डावी बाही. कागद पालथा घातला, फुली खाली गेली, की उजवी. एवढं चुकलं की कोट गेला."

सासूबाईंनी कागद ठेवला. फुली वर. आखलं, कापलं. कागद उचलला, हातात फिरवला, उलटला की नाही ते बघायला डोळ्यांजवळ नेला, अंगठ्यानं चाचपला, आणि खाली ठेवला.

फुली वर.

जी नजर छापलेल्या पानावर हरवलेला अनुस्वार शोधते, तिला ती फुली भोपळ्याएवढी दिसली. तोंड उघडलंही होतं. पण कानात ते अजून तापत होतं, 'तू तुझी अक्षरं तपास.' आणि मनात, अगदी तळाशी, एक बारीक आवाज म्हणाला, बघू तर खरं. कात्रीचं एक पाऊल पडायला लागतो तितकाच वेळ तो आवाज टिकला. पण तेवढ्यात कात्रीचं पाऊल पडलं होतं.

मग तिनं स्वतःची समजूत घातली. काहीतरी करू. दुपारी झोपतील तेव्हा बघू. आठवडाभर हेच तर करत आली होती. लोकर उसवली की पुन्हा लोकरच होते. कापलेल्या कापडाला उसवणं ठाऊक नसतं, हे तिला दुपारी कळलं, घरभर शांत झाल्यावर, दोन बाह्या सुलट बाजू वर करून एकीवर एक ठेवून बघताना. तंतोतंत जुळल्या. जुळायला नको होत्या; एक पालथी घातली तर कापडाची उलटी बाजू वर येत होती. उरलेल्या चिंध्या तिनं टेबलावर जोडून पाहिल्या. त्यातून टोपीसुद्धा झाली नसती. सगळं होतं तसं ठेवून ती स्वयंपाकघरात गेली आणि कारण नसताना घासलेली भांडी पुन्हा घासत बसली.

शनिवारी सासूबाईंनी कच्चे टाके घातले. नवरा कामावर गेला होता. चुलीवर रस्सा रटरटत होता.

"ये इकडे. उभी राहा. बेकरीवालीची लेक तुझ्याच अंगाची आहे."

"माझ्या अंगावर कशाला, आई..."

"मग काय खुर्चीला घालू? ये."

डावी बाही हातात हातमोज्यासारखी गेली. उजवी खांद्यावर चढेना. चढवली तर कोपराची फुगी पुढच्या बाजूला आली, काखेत कापड पिळलं, आणि तिचा हात कुणीतरी मुरगळून धरल्यासारखा अंगापासून लांब राहिला.

"हात खाली सोड."

"सोडलाय."

सासूबाईंची बोटं खांद्यावरून उतरली. कोपरावर थांबली. परत वर गेली. डाव्या खांद्यावर, पुन्हा उजव्या. बोटांनी जे वाचायचं ते वाचलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग सुनेच्या डोळ्यांदेखत उतरला.

"दोन डाव्या," त्या म्हणाल्या. "मी दोन डाव्या कापल्या."

"आई, होतं असं कधी..."

"होत नाही. माझ्याकडून नाही होत." मग आवाज खाली आला. "परवापर्यंत एक टाका चुकत नव्हता माझा."

हे वाक्य सुनेला टाचणीसारखं टोचलं. खरोखरीच्या टाचण्याही काखेत टोचत होत्या; कोट अंगावर तसाच होता, हलायची सोय नव्हती. सासूबाई खुर्चीकडे वळल्या. हातानं खुर्चीची पाठ शोधली, दुलई उचलली, आणि डोळे मिटून अंगठा ओळींवरून फिरवू लागल्या. सावकाश. एका जागी थांबल्या, मागे आल्या.

"माझा हात सैल," त्या म्हणाल्या. "मला आयुष्यभर बोलणी बसली त्यावरून. ही वीण घट्ट आहे." अंगठा पुढे सरकला. "ही माझी. ही घट्ट. ही घट्ट. इथून इथवर सगळीच घट्ट." त्यांनी डोळे उघडले. "कुणाचा हात आहे हा?"

"माझा."

"आणि मीठ? रस्सा हल्ली फार गुळमट लागतो, बटाटेच बटाटे. तेही तूच?"

सुनेनं मान हलवली. मग तिच्या ध्यानात आलं, मानेनं भागणार नाही. या अंतरावरून आईंना ती दिसत नसणार. तोंडानं बोलावं लागेल.

"हो. मीच."

"म्हणून हसत होता दोघं त्या दिवशी."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. रडायचा हक्क आपला नाही एवढं तिला कळत होतं.

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून केलं," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच कानाला ते खोटं लागलं. निम्मं खरं होतं, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

"अगं, चूक मला दिसली असती तर कात्री हातात घेतली असती का मी?" सासूबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "माझ्या चुका माझ्या होत्या. मला लागत होत्या त्या."

रस्सा उतू गेला. चुलीवर चर्रर्र झालं. दोघींपैकी कुणी गेलं नाही.

"एकच सांग. दुसरी बाही आखली तेव्हा तू समोर उभी होतीस. फुली कुठे होती?"

"वर."

"दिसली होती तुला?"

"दिसली होती."

सासूबाई जवळ आल्या. एकेक टाचणी काढून तोंडात धरली, आधी पिळलेली बाही सोडवली, मग नीट बसलेली, आणि कोट उतरवून घेतला. टाचण्या डबीत ठेवल्या. कोटाची घडी घातली, अगदी गिऱ्हाइकाला नेऊन द्यायची तशी, दोन्ही बाह्या आत दुमडून.

"तुम्ही नका जाऊ," सून म्हणाली. "मी जाते बेकरीत. मी सांगते तिला, चूक माझी आहे. आई, ऐकताय ना? निदान बरोबर तरी येऊ द्या. पुढच्या आठवड्यात डॉक्टरकडे... मी नेते, मी सुट्टी काढते... आई?"

सासूबाईंनी चपला पायांनी चाचपून घातल्या. दार उघडलं. घडी छातीशी धरून उंबऱ्यावर थांबल्या, आणि एक पाऊल पुढे काढून पायरीची कड बोटांनी शोधली. सापडली, मग दुसरं पाऊल टाकलं. रोज असंच उतरत असतील. आठवडाभर चुका शोधणाऱ्या सुनेनं हे आज पहिल्यांदा पाहिलं. तिचा हात आपोआप पुढे झाला आणि तसाच हवेत राहिला.

खालची पायरीही पायानं शोधून, मागे न बघता, सासूबाई बेकरीच्या दिशेनं चालू लागल्या.