दारातली खुर्ची

आमच्या विभागाचं नाव ‘धर्मशास्त्र व आंतरधर्मीय अभ्यास’. पाटीवर ते एका ओळीत बसलं नाही, म्हणून ‘अभ्यास’ खाली एकटाच पडलाय. विभागातही त्याची जागा तीच आहे. हे मी बोलले तर चालतं, कारण मी विभागाचं ग्रंथालय सांभाळते आणि तिथे ऐकायला कोणी फिरकत नाही.

ज्यांच्याविषयी सांगायचंय ते आमचे टंकलेखक आणि मुद्रितशोधक. सगळे त्यांना पाठीमागे कानामात्रा म्हणायचे, मी तोंडावर काका म्हणायचे. रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात हे नाव त्यांना चिकटलं. सभागृहात परिषदेचं भलंमोठं कापड लावलं होतं, ‘सर्व धर्म सामान’. पाहुणे गाडीतून उतरत होते आणि रंगारी घरी गेला होता. काका स्टुलावर चढले आणि तो जास्तीचा काना सरळ कात्रीने कापून काढला. कापडाला भोक पडलं, पण धर्म समान झाले.

सीमेपलीकडच्या विद्यापीठाशी आमचा करार आहे. दोघांनी मिळून धर्मातल्या शब्दांचा कोश करायचा, शब्द आमचा आणि त्यांचा शेजारी शेजारी ठेवून. करार झाला तेव्हा दोन्हीकडचे प्राध्यापक एकमेकांकडे गेले, हात मिळवले, संवादावर बोलले, शाली घेऊन परत आले. कोश मात्र दोनच माणसांनी केला. इकडून काकांनी, आणि पलीकडून एका गृहस्थांनी, जे आमची भाषा नुसत्या पुस्तकांवरून शिकले होते. पानं लिफाफ्यातून जायची यायची. आमची पेन्सिल लाल, त्यांची हिरवी. दोन्ही रंगांची बरोबरची खूण पडल्याशिवाय एकही पान छापायचं नाही, असं करारातच लिहिलं होतं. म्हणून ते गृहस्थ आमच्यासाठी ‘हिरवे’ झाले.

दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण समासात मनसोक्त भांडायचे. एकदा हिरव्यांनी विचारलं, ‘तुम्ही देव पाण्यात ठेवता म्हणजे काय? त्याला शिक्षा करता?’ काकांनी खाली लाल अक्षरात लिहिलं, ‘शिक्षा नव्हे, ओलीस.’ पान परत आलं तेव्हा हिरवी खूण नेहमीच्या दुप्पट मोठी होती. काका दिवसभर ते पान सगळ्यांना दाखवत होते.

बारा वर्षांपूर्वी दोन्ही विद्यापीठांनी मिळून लेखांचा एक ग्रंथ काढायचं ठरवलं. उद्घाटनाची तारीख ठरली, छापखाना खोळंबला, आणि शेवटच्या अकरा पानांचा हिरव्यांचा लिफाफा काही येईना. विभागप्रमुख तेव्हा नवे होते, उत्साह उतू जात होता. दर तासाला येऊन म्हणायचे, “काका, एका खुणेसाठी काय अडून बसलाय?” काका तीन दिवस अडून बसले. चौथ्या दिवशी त्यांनी खणातून एक हिरवी पेन्सिल काढली आणि अकराही पानांवर स्वतःच खुणा केल्या.

त्यातल्या एका पानावर पलीकडच्या एका विद्वानाचं वाक्य होतं, ‘प्रार्थना म्हणजे देवाचे स्मरण’. छापून आलं, ‘देवाचे मरण’. ज्या माणसाच्या हातून कधी साधा काना सुटला नाही, त्याच्या हातून अख्खा अर्धा ‘स’ सुटला.

इकडे दोन दिवस हसण्यावारी गेलं. तिकडे कोणी हसलं नाही. चौकशी बसली, पानं मागवली गेली, खूण सापडली आणि हिरव्यांना कामावरून काढलं. चौकशीचा अहवाल आमच्याकडे आला, तो आमच्या भाषेत काकांनाच टाइप करावा लागला. त्यात एक ओळ होती, ‘सदर खूण आपलीच असल्याचे त्यांनी मान्य केले आहे.’ काकांनी ती टाइप केली, उठले आणि नळाखाली डोकं धरून उभे राहिले.

त्याच दिवशी ते प्रमुखांकडे गेले आणि सगळं सांगितलं. सर म्हणाले, “झाकली मूठ सव्वा लाखाची, काका. उघडलीत तर करार मोडेल.” आणि काका गप्प बसले. मला काका प्रिय होते म्हणून मी हे गुळगुळीत करून सांगणार नाही. ते घाबरले. दुसऱ्याने आपल्यासाठी नोकरी घालवली आणि यांनी आपली राखली.

“पत्र लिहा की,” मी कितीदा म्हटलं. तेव्हा ते ‘क्षमा’ या शब्दाची नोंद काढून दाखवायचे. हिरव्यांनीच लिहिलेली होती. त्यांच्याकडे क्षमा पत्राने मागत नाहीत, निरोपानेही नाही. स्वतः जायचं. ज्याचा अपराध झाला तो दारात खुर्ची टाकून बसतो. खुर्ची उंबऱ्याच्या आत असेल तर ऐकून घेईन, पण अजून मन झालेलं नाही. उंबऱ्याच्या बाहेर असेल तर मागण्याआधीच दिली. समासात काकांनी विचारलं होतं, ‘आणि खुर्ची नसलीच तर?’ खाली हिरव्या अक्षरात उत्तर होतं, ‘खुर्ची असतेच. माणूस येत नाही.’

जायचं कसं? आमच्यासारख्यांना ती सीमा ओलांडायची तर कराराच्या यादीत नाव लागतं. यादी विद्वानांची, आणि काका ‘शिक्षकेतर’. दरवर्षी अर्ज करायचे आणि दरवर्षी अर्जावर एकच शेरा यायचा, ‘विचार करता येईल’. करता येईल खरा, पण करायचा कोणी?

मग निवृत्तीचं वर्ष आलं, आणि त्याच वर्षी पलीकडच्या परिषदेचा विषय ठरला, ‘क्षमा : दोन परंपरा’. प्रमुखांना निबंध वाचायचा होता आणि क्षमेबद्दल त्यांना काही म्हणजे काही माहीत नव्हतं. ते काकांच्या टेबलाशी आले, चक्क खुर्ची ओढून बसले. “काका, तुमची ती टिपणं द्या. आणि यंदा तुमचं नाव घालतोच. ‘इतर’ या रकान्यात एक जागा आहे.”

काकांनी जपून ठेवलेले सगळे समास त्यांच्या हवाली केले.

पुढचे दोन महिने काका इतके खुशीत होते, की तसं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पलीकडच्या भाषेतलं एकच वाक्य ते घोकत होते. जेवणाच्या सुट्टीत, जिन्यात, कपाटाशी तोंड करून. काकू एकदा ग्रंथालयात डबा द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, “रोज सकाळी आरशाची माफी मागताहेत. पस्तीस वर्षांत माझी एकदा तरी मागायची होती!” हसल्या, पण जाता जाता हळूच विचारलं, “नेतील ना हो त्यांना नक्की?”

मी म्हटलं, “नेतील. शब्द दिलाय.” शब्दांचा कोश करणाऱ्या विभागात मी इतकी वर्षं काढली, तरी माझा शब्दावर विश्वास होता.

निघायच्या आठ दिवस आधी यादी दुरुस्त होऊन टाइप करायला आली. ‘इतर’ या रकान्यावर काट होती. त्या जागी ‘निरीक्षक’ असं लिहून प्रमुखांच्या पत्नीचं नाव. काकांनी यादी वाचली, कागद चढवला आणि टाइप केली. मग नेहमीप्रमाणे मूळ कागदाशी ताडून पाहिली आणि स्वतःचं नाव नसलेल्या त्या यादीवर लाल पेन्सिलीने बरोबरची खूण केली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तडक प्रमुखांच्या खोलीत गेले. “सर, तुम्ही शब्द दिला होता.”

“बाई, मला त्यांच्या भावना कळतात. पण परिषद विद्वानांची आहे.”

“आणि निबंध कोणाचा आहे?”

“मांडणी माझी आहे,” सर शांतपणे म्हणाले. “आणि काकांनी इतकं मनाला लावून घ्यायचं काय कारण? क्षमाशील असावं माणसाने.”

बाहेर येऊन मी काकांना म्हटलं, निदान निरोप तरी द्या सरांबरोबर. त्यांनी मान हलवली. “निरोपाने नाही चालत, बाई.”

मंडळी गेली, चार दिवसांनी परत आली. सर वाचनकक्षात सगळ्यांना गोळा करून निबंधाला टाळ्या किती पडल्या ते सांगत होते. काका मागे भिंतीला टेकून उभे होते. बोलता बोलता सर म्हणाले, “हो, काका, एक गंमत सांगायची राहिली. एक म्हातारे गृहस्थ तिन्ही दिवस सभागृहाच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. येणाजाणाऱ्यांना अडचण नुसती. आपली भाषा बोलत होते, अगदी छापील. म्हणाले, लाल पेन्सिलवाले आलेत का?”

वाचनकक्षात कोणालाच काही कळलं नाही. याच सरांनी याच खुर्चीविषयी त्या सभागृहात चाळीस मिनिटं निबंध वाचला होता, आणि खुर्ची ओलांडून जेवायला गेले होते.

“तुम्ही काय सांगितलंत?” काकांनी विचारलं.

“म्हटलं, त्यांना काही यायला जमलं नाही. इच्छा नसते हो काहींना प्रवासाची.”

काका पुढे आले. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. “सर, खुर्ची उंबऱ्याच्या आत होती की बाहेर?”

“अहो, एवढं कोण बघतं?” सर हसले, आणि बाकीचेही हसले.

सरांनी आणलेला समूहाचा फोटो काकांनी मागून घेतला. माझ्याकडचं भिंग घेतलं आणि खिडकीशी उभे राहून पाहू लागले. दार फोटोत होतं. पण कडेला सरांच्या पत्नी उभ्या होत्या आणि उंबरा त्यांच्या साडीमागे होता. भिंग परत देताना ते म्हणाले, “नाही दिसत.”

त्या महिन्याच्या अखेरीला ते निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी त्यांनी सरांचा दौऱ्याचा अहवाल टाइप करून दिला. नोंदवहीत लावण्याआधी मी नजर टाकली आणि चमकले. पहिल्याच पानावर होतं, ‘सर्व धर्म सामान आहेत, हाच संदेश घेऊन आम्ही परतलो.’ लाल खूण शेजारीच होती.

“काका, काना जास्त पडलाय.”

त्यांनी चष्मा लावला, ओळ नीट वाचली, आणि चष्मा काढून डब्यात ठेवला.

“राहू दे,” म्हणाले. “घेऊन तेच आलेत.”