कोरडी सिरिंज

आमच्या ह्यांनी सगळी नोकरी मंगरूळपीरच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात काढली आणि प्रत्येक इंजिन फळ्यावरच चालवलं. निवृत्त झाल्यावर मोबाइलवर त्यांना स्टर्लिंग इंजिन सापडलं. त्यात आत कोंडलेली हवा एका टोकाला तापून फुगते, दुसऱ्या टोकाला थंड होऊन आकसते, आणि तेवढ्यावर चाक फिरतं. बाहेर जाळायला काहीही चालतं. "कापसाच्या पऱ्हाट्यांवर घरचे दिवे लागतील," हे म्हणाले. चहा संपेपर्यंत त्यांची मोटारसायकलही पऱ्हाट्यांवर धावू लागली होती.

ह्यांनी गाठलं ते गल्लीच्या तोंडाशी वर्कशॉप असलेल्या मिस्त्रीभाईंना. त्यांचा सारा जन्म डिझेलपंप दुरुस्त करण्यात गेलेला. आता शेतोशेत सोलरचे पंप आले, त्यामुळे वर्कशॉपचं शटर अर्धंच उघडायचं. त्यांच्या मुलानं लोखंड कातायचं लेथ मशीन विकायला काढलं होतं, शनिवारी गिऱ्हाईक येणार होतं.

"सर, हे चाललं त लेथ ठेवतो," मिस्त्रीभाई म्हणाले. "नाई चाललं त जाऊ द्या तिले."

त्यांनी त्याच लेथवर चाक कातलं, दांडे जोडले. हलक्या पिस्टनसाठी ह्यांनी माझ्या कपाटातली काचेची सिरिंज नेली, न विचारता! नर्स म्हणून मी वापरलेल्या सिरिंजांपैकी दोनच उरल्या होत्या, त्यातली ही एक. दोन दिवस मी ह्यांच्याशी धड बोलले नाही.

शुक्रवारी दुपारी सिरिंज परत आणायची म्हणून तावातावानं वर्कशॉपमध्ये गेले. शेगडीत पऱ्हाट्या पेटल्या होत्या. चाक अर्धा वळसा घेई आणि थांबे. हे पुन्हा पुन्हा शेगडी फुंकत होते. मिस्त्रीभाई लेथवर हात ठेवून उभे होते, आणि ते पाहून माझा राग कुठल्या कुठे गेला.

मग सिरिंज पिवळी चमकताना दिसली. "ह्याला तेल लावलंय?"

"मंग? बिना तेलाचं इंजन असते काय, सिस्टर?"

"अहो भाई, ही काचेची सिरिंज आहे. तेलानं चिकटते, कोरडीच सरकते!"

घरी नेऊन ती साबणानं धुतली, उकळली, पुसून कोरडी केली. उभी धरली तर दांडा आपल्याच वजनानं हळूच खाली उतरला. परत बसवल्यावर मी थंड टोकाला ओलं फडकं गुंडाळलं, उन्हाळ्यात माठाला गुंडाळतो तसं. मिस्त्रीभाईंनी चाकाला बोट लावलं. चाक फिरलं आणि फिरतच राहिलं. त्याला छोट्या डायनामोनं जोडलेला हरभऱ्याएवढा दिवा लागला. मला इतका आनंद झाला की मी टाळ्याच वाजवल्या.

"आता मोटारसायकल!" हे म्हणाले.

"नाई सर. तापाले वेळ घेते हे, अन् एकदम कमी-जास्त बी होत नाई. गाडीचं काम नाई त्याचं. पण मोठं बनवलं त घरचे दिवे लागतीन." बोलताना त्यांची नजर चाकावरून हलत नव्हती.

शनिवारी मी दुसरी सिरिंज रुमालात गुंडाळून द्यायला गेले. शटर पूर्ण वर होतं. दारात टेम्पो लावून गिऱ्हाईक उभं होतं, शेजारी मुलगाही. मिस्त्रीभाईंनी लेथवरून मान वर केली नाही.

"मशीन रिकामी नाई," ते म्हणाले. "काम चालू हाये."