तंबूतली कुरकुर

त्या पावसाळ्यात लष्कराच्या आमच्या इंजिनिअर कॉलमला, म्हणजे तुकडीला, खडवलीला पाठवलं. हुकूम होता पुरात अडकलेली माणसं बाहेर काढण्याचा. मुक्काम शाळेच्या दोन वर्गांत. दोन बोटी, एक कॅप्टन, आणि रेडिओवर मी, हवालदार. मी ठाण्याच्या कोपरीचा. घर जवळ होतं, पण ड्यूटीवर सगळी घरं सारखीच लांब असतात.

काम सरळ होतं. बोट उतरवायची, छपरावरची माणसं आणायची, इंजिन तपासायचं, पुन्हा जायचं. दुसऱ्या दिवशी त्यात एक कामगिरी वाढली. रेडिओवर वरून हुकूम आला की तातडीची गरज आहे, दोन्ही बोटी परत बोलवा. तातडीची गरज म्हणजे पाहणीला आलेले एक पुढारी, त्यांचे कार्यकर्ते आणि फोटोग्राफर. लाइफ जॅकेटचा नारिंगी रंग त्यांना पसंत पडला नाही. पांढऱ्या कुर्त्यावर तो उठून दिसत होता, पण जॅकेटच उठून दिसत होतं. फोटो होईपर्यंत पलीकडच्या वाडीतली माणसं पत्र्यावर बसून राहिली.

संध्याकाळी लंगरात जेवताना तोंडं सुटली. पहिल्या बोटीचा इनचार्ज नायक सावंत, राजापूरकडचा. बोटीवर त्याच्यासारखा हात नव्हता आणि जिभेवरही नव्हता. त्याचं म्हणणं, कॅप्टनला माणसांची पडलेली नाही, प्रमोशनची पडलीय. एक दिवस हा आपल्याला फोटोसाठी बुडवील. सगळे हसले. तक्रारीचा अर्धा भाग खरा होता, म्हणूनच उरलेला अर्धा लोकांना सहज पटला.

त्याच बोटीवर लान्स नायक शमुवेल गायकवाड होता. कोपरीचाच, आमच्याच चर्चच्या मंडळीतला. घरी फक्त आई. सावंत त्याला पाद्रीबाबा म्हणायचा.

शमुवेल म्हणाला, “उस्ताद, बोलायचं तर साहेबांना जाऊन बोला. इथं बोलून डाळ घट्ट होणार नाही.”

“तुमच्या धर्मात तक्रार चालत नाही काय, पाद्रीबाबा?”

त्यावर शमुवेलने पवित्र शास्त्रातली, गुलामीतून सुटून अरण्यात आलेल्या इस्राएल लोकांची गोष्ट सांगितली. देव रोज आकाशातून फुकट भाकर देतो आणि लोक कुरकुर करतात.

“रोज एकच मेनू,” सावंत म्हणाला. “मीपण केली असती.”

“देवाला तोंडावर विचारलं असतं तर गोष्ट वेगळी. विचारणारे होते, त्यांना त्याने उत्तरं दिली. पण हे तंबूत बसून एकमेकांना सांगत राहिले, की याने आपल्याला मारायलाच इथं आणलंय. एकदा असं ठरवलं की पुढचं काही ऐकू येत नाही.”

तो उठून खरंच कॅप्टनकडे गेला. परत येऊन सांगितलं की साहेबांनाही राग आलाय, पुन्हा बोटी देणार नाही म्हणाले. सावंतने भुवया उंचावल्या. साहेबांनी पोराला गोड बोलून गोळी दिली, यावर लंगराचं एकमत झालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सावंतची बोट रेल्वे पुलाच्या पुढे गेली. बोटीत एक आजोबा आणि त्यांची सून, दोघं आधीच घेतलेली. पुढे एका स्लॅबच्या घरावर आणखी चौघं होती. तेवढ्यात निरोप आला की वरच्या धरणातून पाणी सोडलंय. कॅप्टनने हिशोब केला. स्लॅब उंच आहे, ती चौघं थांबू शकतात. बोट थांबू शकत नाही. मला म्हणाले, परत बोलाव. रेडिओवर सावंतच्या बोटीचं नाव ब्राव्हो.

“ब्राव्हो, वरून पाणी सोडलंय. आहात तिथून वळा. ओव्हर.”

“समोर माणसं हात करतायत. आज कुठला पुढारी आलाय? ओव्हर.”

पुढारी आला होता, हेही खरं. दुसऱ्या पक्षाचा. त्याला कॅप्टनने दहा मिनिटांपूर्वीच काठावरून परत पाठवलं होतं. बोटीतून ते दिसायचं कारण नव्हतं. कॅप्टनने हँडसेट माझ्या हातातून घेतला.

“सावंत, कोणी नाही. वळ.”

सावंतने उत्तरासाठी बटण दाबलं. मागून शमुवेलचा आवाज आला, “उस्ताद, वळवा. साहेब खरं बोलतायत.” मग सावंतचा, “कालपण तातडीच होती.” मग खरखर.

आधी पाण्याचा आवाज आला, नंतर पाणी दिसलं. बोट बुडालेल्या विजेच्या खांबावर आदळून उलटली. आजोबांच्या जॅकेटचा पट्टा सुटला. शमुवेलने स्वतःचं जॅकेट त्यांच्या गळ्यात घातलं आणि दोघांना बाभळीच्या फांदीपर्यंत ढकललं. दुसऱ्या बोटीने त्या दोघांना आणि सावंतला उचललं. शमुवेल दुसऱ्या दिवशी सापडला. स्लॅबवरची चौघं संध्याकाळी कोरडी आली.

चौकशीत सावंतने काही लपवलं नाही. नंतर मला म्हणाला, “हुकूम ऐकू आला होता. पण हा माणूस आपला नाही, हे मी आदल्या दिवशीच ठरवून टाकलेलं.”

मंडळीत कुरकुर हे चिल्लर पाप समजतात. चहाबरोबर चालतं. मीही तसंच समजायचो, आणि अरण्यातल्या लोकांना कुरकुरीबद्दल झालेली तिथंच मरण्याची शिक्षा मला इन्स्पेक्शनवरच्या तापट कर्नलची वाटायची. आता वाटत नाही. कुरकुरीने देवाचं काही बिघडत नसेल. ज्याच्या हुकमावर आपला जीव आहे, त्याचा आवाज मात्र ओळखू येईनासा होतो.

अंत्यविधीला बँड होता, पुष्पचक्रं होती, भाषणं होती. दोन्ही पुढारी होते. पुढच्या रविवारी मंडळीत यातलं काही नव्हतं. प्रार्थनेच्या वेळी शमुवेलची आई उभी राहिली.

“प्रभू, तू बघत होतास. माझा मुलगा वळवा म्हणत होता. ज्याने ऐकलं नाही तो वाचला. का?”

सावंत शेवटच्या बाकावर होता. त्याने मान खाली घातली. पाळक पुढे आले आणि हळूच म्हणाले, बहिणी, कुरकुर करू नये.

“पाळकसाहेब, तुम्ही बसा. मी तुमच्याशी बोलत नाहीये.”

पाळक बसले. ती बराच वेळ बोलली. एकेक गोष्ट विचारली, आणि प्रत्येक प्रश्नानंतर उत्तरासाठी थांबली. आम्हीही थांबलो. शेवटी तिने मुलाचं पूर्ण नाव घेतलं, हजेरीला घेतात तसं, रँकसकट: लान्स नायक शमुवेल बाबूराव गायकवाड. म्हणाली, “तुझ्याकडे आलाय. सांभाळ.” आणि खाली बसली.