त्रेचाळीस डागांचे पान

१२ फेब्रुवारी १९५९, सकाळचे सव्वानऊ. बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या स्टुडिओच्या काउंटरवर माझ्या चित्राचा फोटो होता आणि त्यातले कॉफीचे पान ठणठणीत बरे झाले होते.

मी रंगवले होते ते तांबेरा झालेले पान. तांबेरा म्हणजे पानावर नारिंगी डाग पाडणारी बुरशी. आमच्या वनस्पतिरोगांच्या प्रयोगशाळेत चित्रकाराची एक जागा निघाली होती. अहवालात छापायला फोटोच जातो, म्हणून मुलाखतीलाही चित्राचा फोटोच मागवला होता. वेळ, दुपारी बारा. बी.एस्सी. होऊनही दोन वर्षे मी तिथे काचपट्ट्याच धूत होते.

फोटो आदल्या दिवशी मी स्वतः काढला होता. चित्र भिंतीला सपाट, लेन्स बरोबर मध्यासमोर, दोन्ही बाजूंना पंचेचाळीस अंशांवर सारखे दिवे. चित्राच्या मध्यावर पेन्सिल काटकोनात टेकवली. तिच्या दोन्ही सावल्या सारख्याच गडद दिसल्या, तेव्हाच ती काढून शटर दाबले. डाग मोजून वहीत लिहिले: ४३. मग निगेटिव्ह धुऊन प्रिंट करण्यासाठी तुकोजीअण्णांकडे सोपवली आणि निर्धास्त झाले.

तुकोजीअण्णा स्टुडिओचे रिटचर. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून उपवर मुलींच्या पुटकुळ्या घालवणे हे त्यांचे काम. मल्लेश्वरममधल्या निम्म्या सोयरिकी त्या पेन्सिलीनेच जुळवल्या होत्या.

"अण्णा, डाग कुठे गेले?"

"काढले की, अक्का! एक ठेवला नाही."

"अहो, हे रोगाचं चित्र आहे!"

"म्हणूनच तर. आजारी पान बघून नोकरी कोण देणार?"

"आणि देठाजवळचा हा काळा ठिपका?"

"तीट लावली. इतकं नितळ पान, दृष्ट लागली असती."

टर्पेंटाइनच्या बोळ्याने मी निगेटिव्हवरची पेन्सिल पुसून काढली. डाग परतले. तीट मात्र त्यांनी निगेटिव्ह चाकूने खरवडून उमटवली होती. ती जाणे शक्य नव्हते. अकरा वाजता नवा प्रिंट पंख्याखाली वाळत होता आणि अण्णा मान हलवत होते, "सरी, ठीक आहे, तुमची मर्जी."

मुलाखतीत आमच्या प्रमुखांनी माझी वही शेजारी ठेवून, भिंग लावून डाग मोजले.

"तुमच्या नोंदीत त्रेचाळीस. इथे एक जास्त. नवा संसर्ग?"

"नाही, सर. तीट आहे." मग सगळी हकिगत सांगितली.

त्यांनी भिंग खाली ठेवले. "बाकी तिघांना विचारलं, डाग किती? तिघेही म्हणाले, पुष्कळ. सोमवारपासून काचपट्ट्या दुसरं कोणी धुवेल."

आपल्या चित्राचा फोटो काढताना कोन मोजावा, सावल्या जुळवाव्यात आणि ज्याच्या हाती निगेटिव्ह द्यायची तो एरवी कोणाचे चेहरे सुधारतो, याचीही चौकशी करावी. त्या संध्याकाळी वहीत लिहिले: बुरशीचे डाग ४३, तुकोजीअण्णांचा १. एकूण ४४.