कौसाताईंच्या अर्जाची पोच

तेलगावच्या फाट्यावर जीप भरायची वाट बघत होते, तेव्हा केजहून फोन आला. तिथल्या आमच्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या बाई होत्या. "मॅडम, कौसाताई राहिल्या न्हाईत. सकाळी पोरींच्या वेण्या घालत होत्या, बसल्या जागीच..." जीपवाला म्हणत होता, अजून दोन माणसं आली की निघू. मी म्हटलं, राहिलेल्या सीटचे पैसे माझ्याकडून घे, पण आता हल बाबा.

आठव्या दिवशी शोकसभा झाली. पुण्याहून आमच्या संस्थेचे संचालक आले होते. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. सरांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "कौसाताईंनी उभ्या आयुष्यात कधी पैशाचं नाव काढलं नाही. असा निःस्वार्थीपणा आता बघायला मिळायचा नाही." लोकांनी माना डोलावल्या. मी पहिल्याच रांगेत होते. हे खोटं आहे, साफ खोटं आहे, असं उठून सांगायचं होतं मला. उठले नाही. आज सव्वा महिन्यानं हे लिहायला बसलेय, ते त्या दिवशी गप्प बसल्याचं प्रायश्चित्त म्हणा, नाहीतर संताप म्हणा. संतापच जास्त आहे.

कौसाताई केजच्या हंगामी वसतिगृहाच्या व्यवस्थापक. दिवाळी झाली की आमच्याकडून टोळ्या ऊसतोडीला निघतात, आईबापांसोबत लेकरंही निघतात आणि त्यांची शाळा मागं राहते. ती लेकरं गावाकडंच राहावीत, शिकावीत म्हणून हे वसतिगृह. पण वसतिगृह आहे म्हणून आई लेकरू सोडून जाते थोडीच! त्यासाठी कौसाताई लागायच्या. भरलेल्या ट्रॅक्टरसमोर वही घेऊन उभ्या राहायच्या. एकदा एक बाई लेकीला पोटाशी धरून म्हणाली, "हिनं खाल्लं का न्हाई, कोण बघंल?" ताई म्हणाल्या, "मी बघते की. तू तिकडं ऊस बघ, मी इकडं पोरगी बघते." ती पोरगी खाली उतरली. पुढं चार-पाच महिने ताई खरंच तिच्या ताटात डोकवायच्या. धान्य, दूध, शाळा, ताप, खरूज, मुकादमाशी भांडण, सरकारी तपासणी, देणगीदारांची सरबराई, दर महिन्याचा अहवाल... हे सगळं एकटी बाई सांभाळायची. कंपनीत असं काम करणाऱ्याला गाडी देतात. आमच्याकडं त्याला 'सेवा' म्हणतात, म्हणजे मग पुढं काही द्यावं लागत नाही.

मी त्यांच्या हाताखाली शिकले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला तहसीलला नेलं. कारकुनानं आमचा अर्ज घेतला, बाजूला टाकला आणि म्हणाला, झालं, जा आता. मी उठले. ताईंनी मला हाताला धरून खाली बसवलं. "का उठलीस? पोच कुठं हाय?" म्हणजे अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही. कारकून म्हणाला, "ताई, तुमचा आमच्यावर विश्वास न्हाई का?" "लई विश्वास हाय भाऊ. तेवढा शिक्का मार." दीड तास बसलो आम्ही. शेवटी त्या माणसानं वैतागून शिक्का मारला. बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, "ध्यानात ठेव वैशाली. पोच घेतल्याबिगर टेबल सोडायचं न्हाई. उद्या हे म्हणतील, तुमी मागितलंच नव्हतं."

तेव्हा मला वाटलं, त्या सरकारी कचेरीबद्दल बोलताहेत.

आता पगाराची गोष्ट. मी येण्याच्या दोन वर्षं आधी आमच्याकडचे एक पुढारी आपल्या भाच्याला संस्थेत चिकटवायला निघाले होते. भाचा कधी वसतिगृहाच्या पायरीवर चढला नव्हता, पण मामाच्या लेटरहेडवर 'सामाजिक कार्याचा दहा वर्षांचा अनुभव' लिहून घेऊन आला. संस्थेची बैठक बसली, सगळे चुळबुळायला लागले. पुढाऱ्याला नाही कोण म्हणणार? ताईंनीच तोड काढली. म्हणाल्या, "अनुभव काय, कुणीबी लिहून देतंय. डिग्री तर कॉलेजातच मिळती न्हवं? नियमच करा, डिग्री नसंल तर नवा मॅनेजर घ्यायचाच न्हाई." भाच्याकडं डिग्री नव्हती. नियम झाला, भाचा गेला, सरांनी ताईंचं भरभरून कौतुक केलं. लेकरांच्या तोंडचा घास वाचवला म्हणून ताई खूश होत्या. आपण जुन्या आहोत, नियम नव्यांसाठी आहे, एवढा साधा हिशोब होता त्यांचा.

मग एका कंपनीच्या पैशातून माजलगावला दुसरं वसतिगृह निघालं. तिथल्या व्यवस्थापकाला रीतसर पगार, प्रॉव्हिडंट फंड, दवाखान्याचा विमा असं सगळं होतं. सरांनी ताईंना तोंडी सांगितलेलं, नव्या ठिकाणी तुम्हीच. ताईंनी अर्ज दिला. सर म्हणाले, "ताई, माझी फार इच्छा होती हो. पण डिग्रीची अट तुमचीच ना?"

किती गोड आवाजात म्हणाले असतील, मला इथं बसून ऐकू येतं. नियम करणाऱ्यांना नियम मोडता येत नाही म्हणे! देणगीदार आला की वेळापत्रक मोडता येतं, मंत्री आला की परीक्षा पुढं ढकलता येते, आणि अठरा वर्षं राबलेल्या बाईसाठी एक ओळ बदलता येत नाही.

त्या जागेवर मी लागले. माझ्याकडं डिग्री होती, काम येत नव्हतं. म्हणून काम शिकायला मला कौसाताईंकडंच पाठवलं. पहिला महिना संपला तेव्हा मी अडाण्यासारखं विचारलं, "ताई, तुमचा पगार जमा झाला का?" त्या हसल्या. "पगार तुला बाई. आमाला मानधन." किती, तेही त्यांनी सांगितलं. नऊ हजार. मला एकतीस हजार मिळाले होते. आपला पगार कुणाला सांगू नये, असं माझ्या नेमणूकपत्रात का लिहिलं होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

सारखं पद, सारखं काम, आणि लेकरं तर त्यांच्याकडं माझ्याहून जास्त. मग फरक कशानं पडतो? मी पुढं शोधत बसले. पैसा कंपनीचा की गावोगावच्या छोट्या देणग्यांचा, यावरून पडतो. इंग्रजीत अहवाल लिहिता येतो का, यावरून पडतो. केजमध्ये राहून केजचं काम करणारीला सगळ्यात कमी. पुण्यात बसून केजच्या कामाचा अहवाल लिहिणाऱ्याला माझ्याही दुप्पट! लेकरू तापानं फणफणलं तर त्याला उचलून कोण पळतं, हे मात्र कुठल्याच रकान्यात नसतं. वर मानधन म्हणायचं. नावातच मान घातला की धनाचं कुणी विचारत नाही.

मला हे सगळं कळलं होतं. मी काय केलं? पगार घेत राहिले. घरचं कर्ज होतं, भावाचं शिक्षण होतं, कारणं भरपूर होती. कौसाताई एकदाही मला टोचून बोलल्या नाहीत. मी केजला गेले की पिठलं-भाकरी पुढं ठेवायच्या. उलट एकदा मीच रडकुंडीला आले तर म्हणाल्या, "तू कशाला रडती? तुला जास्त हाय असं न्हाई, मला कमी हाय. तुझं काढून मला नको."

मागच्या वर्षी त्यांना धाप लागायला लागली. केजच्या डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात जाऊन हृदय तपासून घ्या म्हटलं. ताईंना विमा नव्हता, भरपगारी रजा नव्हती. टोळ्या परत येऊ द्या, मग बघू म्हणाल्या. त्याच दिवसांत सर परदेशी गेले होते आणि दोन्ही वसतिगृहांचा कारभार माझ्याकडं होता. एका दुपारी ताई माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. दोन प्रती पुढं केल्या. 'माझे काम व वैशाली मॅडमचे काम एकच आहे. तरी मला व्यवस्थापकाचा पगार व विमा मिळावा.' मला मॅडम लिहिलं होतं त्यांनी. मी म्हटलं, "ताई, मी लगेच पुण्याला पाठवते." त्या हलल्या नाहीत. "पोच दे."

दिली. सही केली, शिक्का मारला. आणि अर्जावर शेरा लिहिला, 'योग्य निर्णयासाठी सादर'. 'शिफारस करते' असं लिहिता आलं असतं. पेन हातात होतं, जागाही होती. पण सरांना काय वाटेल, माझ्याच पगाराचा विषय निघेल... मी 'सादर' लिहिलं. उत्तर आलं नाही. ताईंनी पुन्हा विचारलं नाही आणि मीही नाही.

सभेनंतर त्यांचं कपाट मी आवरलं. लेकरांच्या वह्या, कंगव्यांचा डबा, खरजेचं मलम. तळाशी एका पिशवीत तीन कागद. पगारासाठी तीन वेळा केलेले तीन अर्ज, तिन्हींवर पोच. दोन अर्जांवर पुण्याच्या ऑफिसचा शिक्का. तिसऱ्यावर माझी सही.

कधी पैशाचं नाव काढलं नाही म्हणे!

गेल्या आठवड्यात पुण्याहून निरोप आला, केजची जागा भरायची आहे, जाहिरातीचा मजकूर तुम्ही करा, मानधन पूर्वीप्रमाणेच. मी मजकूर केला. पद व्यवस्थापक. पगार, फंड, विमा माझ्याइतकाच. डिग्री किंवा प्रत्यक्ष कामाचा दहा वर्षांचा अनुभव, आणि तो अनुभव ज्या वस्तीवर घेतला तिथल्या आयांना विचारून पडताळायचा. हे कौसाताईंना तेव्हा सुचलं असतं तर... असो. सोबत त्यांचे तिन्ही अर्ज जोडले आणि वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'शिफारस करते'. माझी नोकरी जाईल का, माहीत नाही. जाईलही.

मग रजा टाकली आणि एसटीनं पुण्याला जाऊन ते ऑफिसात दिलं. टेबलामागच्या मुलीनं कागद घेतला, ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, एवढ्यासाठी कशाला आलात? मेल केला असता तरी चाललं असतं. झालं, तुम्ही निघा."

मी खुर्ची ओढली आणि बसले. म्हटलं, "पोच द्या."