हळदीचं बोट

संहिता हातात पडली की ती आधी शेवटचं पान उघडायची. उभ्याउभ्या वाचायची, चष्मा कपाळावर सरकवायची आणि मला विचारायची, "लेखकदादा, या खेपंला मारायचं का मरायचं?"

गुन्ह्यांच्या मालिका तुम्हीही पाहता. त्यांत एका बाईचं दुसरीवर प्रेम असलं, की शेवटी एक मेलेली असते आणि दुसरीच्या हातात बेड्या. पुरुष आणि बाई दोघांवरही एखादीचा जीव जडत असला, तर ती हमखास दगाबाज. असे भाग मीच लिहायचो. साताऱ्याजवळच्या एका बंगल्यात चित्रीकरण चाले. ती सांगलीहून एसटीनं यायची. नाटकात मुरलेली नटी. अशी भूमिका आली की दिग्दर्शक म्हणे, "तिलाच बोलवा. चेहरा कडक आहे."

विषाच्या पेल्यात कोकम सरबत असायचं. मरून झालं की उरलेलं ती पिऊन टाकायची. "विष बरं हाय आज. साखर जरा कमी पडली."

एकदा तिनं मला सांगलीला जेवायला बोलावलं. घरात आणखी एक बाई होती, दवाखान्यात नर्स. "ही माझ्या घरची," एवढीच ओळख करून दिली. दोघी कितीतरी वर्षं एकत्र राहत होत्या. मला कळायचं ते कळलं. नर्सबाईंना रक्तदाब होता. त्यांचा बिनमिठाचा डबा वेगळा ओळखू यावा म्हणून ती झाकणावर हळदीचं बोट उमटवायची. "रोज काय गं, लग्नाच्या पत्रिकेला लावल्यासारखं!" नर्सबाई लटक्या रागानं म्हणाल्या. ती हसली. तो कडक चेहरा इतका मऊ झालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

पुढच्याच भागात मी ते बोट वापरलं. मैत्रिणीच्या डब्यात विष कालवणारी बाई, आणि विषाच्या डब्याची खूण म्हणून झाकणावर हळद.

शेवटचं पान वाचून त्या दिवशी तिनं काही विचारलं नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, येवढं काढा. ती दवाखान्यात समद्यांम्होरं डबा उघडती."

"कुणाच्या लक्षात येतंय?" मी म्हणालो. "पडद्यावर छान दिसेल."

तिनं ते काम केलं. हळद लावताना तिनं घरी टेकवायची तसंच अलगद बोट टेकवलं. दिग्दर्शकानं त्याचं कौतुक केलं.

भाग दाखवला गेला आणि दवाखान्यात चेष्टा सुरू झाली, "आज काय कालवलंय गं तुझ्या बाईनं?" चेष्टेचा बोभाटा झाला. घरमालकानं खोली सोडायला सांगितलं. दहिवडीहून नर्सबाईंचा भाऊ आला आणि त्यांना घेऊन गेला. हे मला तिनं नव्हे, मेकअपवाल्यानं सांगितलं.

ती आणखी एकदाच आली. जेवणाच्या सुट्टीत मी तिच्यासमोर बसलो. माफी मागायची होती. तिनं डबा उघडला. झाकण लख्ख होतं. तिनं माझ्यापुढं भाजी सरकवली. घास घेतला आणि माझा हात थांबला. भाजीत मीठ नव्हतं.

"सवय लागलीय," ती म्हणाली. "तुमी मीठ घ्या वरनं."

माफी तशीच राहिली. नंतर तिनं फोन उचलला नाही.

तसल्याच भूमिकांसाठी तिच्या जागी आता एक नवी मुलगी येते. ती संहिता पहिल्या पानापासून वाचते. मी शेजारी उभा असतो, आणि शेवटचं पान जवळ येतं तसं तिच्याकडं बघवत नाही.